गोड टेबलावरची खुर्ची

“तुम्हाला काय आहे, अभिनवराव? प्रेशर की शुगर?”

यमुनाबाईंनी हे इतक्या सहज विचारलं की होणाऱ्या नातजावयाला आधी वाटलं, चहा की कॉफी असंच काहीतरी असणार. एक चप्पल पायात, एक हातात, असा तो दारातच थांबला आणि त्याने सृष्टीकडे पाहिलं. सृष्टी दुसरीकडे बघून हसत होती. या घरात येण्याआधी सगळं सांगून ठेवायचं असतं, हे ती मुद्दाम विसरली होती.

“काही नाही, आजी. म्हणजे, मी कधी तपासलं नाहीये.”

“म्हणजे आहे,” आतून यमुनाबाईंच्या धाकट्या भावाचा, श्याममामांचा आवाज आला. “बारसं व्हायचंय एवढंच.”

यमुनाबाईंना मात्र खरंच पेच पडला होता. हडपसर गाडीतळामागच्या गावंड्यांच्या फ्लॅटमध्ये कोणतंही जेवण असलं की हॉलमध्ये दोन टेबलं लागत. खिडकीकडचं मोठं टेबल प्रेशरवाल्यांचं. त्यांच्या पानात सगळं अळणी, पण गोड हवं तेवढं; म्हणून ते गोड टेबल. बाल्कनीच्या दाराशी घडीचं टेबल उघडायचं, ते शुगरवाल्यांचं. त्यांना गोडाचा थेंब नाही, पण लोणचं, पापड, सांडगे, तळलेल्या मिरच्या, कशालाही आडकाठी नाही. म्हणून ते खारं टेबल. ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांनी सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन बसायचं आणि कोणाला आठवण झाली तर वाढून घ्यायचं. या घरात मान रोगाला होता.

टेबलांना इतिहास होता. रावसाहेबांचं, म्हणजे यमुनाबाईंच्या यजमानांचं, वर्ध्याकडचं सगळं घराणं प्रेशरवालं आणि यमुनाबाईंचं नारायण पेठेतलं माहेर सगळं शुगरवालं. एकमेकांशी कधी न पटलेली ही दोन घराणी लग्नाकार्यात शेजारी बसली की तिसऱ्या घासाला काहीतरी निघायचंच. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या जुन्या डॉक्टरांनी पुढे एका बाजूचं मीठ बंद केलं आणि दुसऱ्या बाजूची साखर, तेव्हा यमुनाबाईंनी पथ्य आणि भांडण दोन्ही एकाच दिवशी निकालात काढलं. टेबलं वेगळी झाली आणि दोन्हीकडची माणसं सुखाने जेवू लागली.

“तो माझ्याबरोबर सोफ्यावर बसेल, आजी,” सृष्टी म्हणाली.

“केळवणाला बोलावलेला जावई सोफ्यावर? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणजे आपणच आहोत ना?”

“म्हणूनच म्हणते. आपण काय काय म्हणतो ते मला माहीत आहे.” यमुनाबाईंनी थोडा विचार केला. “तुमच्या वडिलांना काय आहे?”

“बाबांना बीपी आहे,” अभिनव म्हणाला.

“मग झालं की. वारसाहक्काने गोड टेबलावर बसा.”

स्वयंपाकघरात नम्रता, यमुनाबाईंची सून आणि सृष्टीची आई, पातेली झाकत होती. मसालेभाताची दोन, अळूच्या भाजीची दोन, बटाट्याचीही दोन. अळणी पातेल्यांत सासूबाई गुळाचा खडा नेहमीच जरा मोठा टाकत. बिचाऱ्यांना मीठ नाही, निदान जिभेला काहीतरी, असा त्यामागचा विचार. बासुंदीचं पातेलं मात्र एकच होतं आणि ते सगळ्यांत मोठं होतं. यमुनाबाईंना स्वतःला शुगर. तेव्हा बासुंदी आटवायची, वेलदोडा घालायचा, आणि चव दुसऱ्याला विचारायची.

“बघ गं, साखर बरी आहे ना?” त्यांनी चमचा नम्रतापुढे धरला.

नम्रताने चाखलं. बासुंदी अप्रतिम झाली होती आणि म्हणूनच तिने पातेल्यावर घाईने झाकण ठेवलं.

गुरुवारी ती नवऱ्याबरोबर सदाशिव पेठेत गेली होती. जुने डॉक्टर आता नाहीत, त्यांची मुलगी स्वराली दवाखाना चालवते. खुर्च्या त्याच आहेत आणि फटकळपणाही वडिलांचाच उचललेला आहे. शुभंकर चार वर्षं तिच्याकडून प्रेशरची गोळी लिहून घेत होता. या वेळी तिने गोळी लिहिण्याआधी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली.

“पँट कितीची घालता?”

“छत्तीस. लग्नापासून छत्तीसच,” शुभंकर जरा ताठ होत म्हणाला.

“पँट छत्तीसचीच आहे हो. तिने तुमच्यापुढे हात टेकलेत आणि ती खाली जाऊन बसली आहे.” स्वरालीने बेंबीवरून टेप फिरवली. “एकशे चार सेंटिमीटर. नव्वदच्या आत हवं होतं.”

मग तिने रक्ताचे रिपोर्ट वाचले. उपाशीपोटीची साखर एकशे बारा. शुगर अजून घरात आली नाही, पण दारात चपला काढते आहे. ट्रायग्लिसराइड वर, चांगलं कोलेस्टेरॉल खाली, आणि प्रेशर तर होतंच.

“या पाचातली तीन जमली तरी आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. तुम्हाला पाचपैकी पाच.”

“शाळेत कधी मिळाले नाहीत,” शुभंकर म्हणाला.

“तिथे अभ्यास कमी पडला असेल. इथे तुम्ही रोज केलात.”

नम्रता हसली होती. पण स्वराली हसत नव्हती. “प्रेशर एकटं राहणाऱ्यातलं नाही,” ती म्हणाली. “एकत्र कुटुंब आहे ते. एक जण आला की बाकीचे बोचकी घेऊन मागोमाग येतात आणि सगळे मिळून हृदयाच्या डोक्यावर बसतात. तुम्ही पन्नास वर्षांचे आहात. आत्ता पोट उतरवलंत तर यातलं बरंचसं परत जाईल. मीठ कमीच ठेवायचं, पण तुमचं ते गोड टेबल आता बंद. बाबांनी मीठ सोडा म्हटलं होतं, त्याच्या बदल्यात बासुंदी घ्या असं नव्हतं म्हटलं.” हे बोलताना ती शुभंकरकडे नाही, नम्रताकडे बघत होती. डॉक्टर जेव्हा बायकोकडे बघून बोलतात तेव्हा काय समजायचं, हे नम्रताला कळत होतं. तेव्हापासून तिला रात्री नीट झोप नव्हती.

आज इकडे येताना गाडीत तिने विषय काढला. नम्रता नवऱ्याला गाडीत ‘अरे’ म्हणायची आणि सासरच्या लिफ्टमध्ये शिरली की ‘अहो’.

“अरे, आज सांगून टाक सगळ्यांना.”

“आज नको गं. पोरीचं केळवण आहे.”

“मग कधी? तिच्या लग्नात, जिलबी खाताना?”

सिग्नल लागला होता. शुभंकरने स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

“मग मी बसू कुठे?” तो म्हणाला.

प्रश्न बालिश होता, हे शुभंकरलाही माहीत होतं. पन्नाशीचा, कंपनीत चाळीस माणसांना कामाला लावणारा माणूस, आणि त्याला एका खुर्चीची काळजी. पण ती खुर्ची रावसाहेबांच्या शेजारची होती.

अकरा वर्षांपूर्वी त्याने आणि नम्रताने मगरपट्ट्याच्या पलीकडे आपला फ्लॅट घेतला. वडिलांनी निवृत्तीचा सगळा फंड ओतून हा मोठा फ्लॅट घेतला होता तो मुळात सगळ्यांनी एकत्र राहावं म्हणून. रावसाहेब भांडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त वास्तुशांतीला गेले नाहीत, आणि त्यानंतर आजपर्यंत त्या घरात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. शुभंकर सणासुदीला इकडे यायचा, सोफ्यावर ताट घेऊन बसायचा, आणि बापलेक यमुनाबाईंमार्फत बोलायचे. ‘त्याला विचार, भात हवा का.’ ‘त्यांना सांग, नको.’

मग चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत त्याला प्रेशर निघालं. त्या दिवाळीला यमुनाबाईंनी नियमाप्रमाणे त्याचं पान गोड टेबलावर मांडलं आणि रिकामी जागा होती ती रावसाहेबांच्या बाजूला. आधी दोघांनीही अळणी वरण कालवून घेतलं. शेवटी रावसाहेबांनी विचारलं, मधे कोणी नसताना, थेट त्याला.

“किती?”

“एकशे पन्नास. खालचं पंच्याण्णव.”

“माझं पहिल्यांदा एकशे सत्तर होतं,” रावसाहेब म्हणाले, आणि आपल्या हाताने त्यांनी मुलाच्या वाटीत बासुंदी वाढली.

तेव्हापासून दर सणाला ते बोलत आले होते. गोळी सकाळी घेतोस की रात्री, पाय सुजतात का, उठताना गरगरतं का. ऐकणाऱ्याला जांभई यावी असं बोलणं. शुभंकर त्याची दोन-दोन महिने वाट बघायचा. बासुंदी त्याला आवडायची, नाही असं नाही. पण त्या खुर्चीवर बसायला मिळतं म्हटल्यावर त्याने कारल्याचा रसही वाटीवाटीने प्यायला असता.

पानं वाढली गेली. गोड टेबलावर रावसाहेब, त्यांची बहीण इंदुबाई आणि वारसाहक्काने अभिनव. खाऱ्या टेबलावर श्याममामा आणि यमुनाबाईंचं अर्धवट मांडलेलं पान. सृष्टी सोफ्यावर. रावसाहेबांनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला होता. कोणी ती घेणार नव्हतं, पण तरी ते दर वेळी हात ठेवत. शुभंकर आल्यावरच त्यांनी तो उचलला.

“गोळी तीच आहे का?”

“तीच आहे, बाबा.”

“आणि आकडा?”

“ठीक आहे,” शुभंकर म्हणाला आणि पाण्याचा घोट घेतला.

नम्रता बासुंदीचं पातेलं घेऊन आली. रावसाहेबांना एक वाटी. इंदुबाईंना एक. अभिनवला दोन, कारण केळवण त्याचं. आणि शुभंकरची वाटी ओलांडून ती पुढे गेली, मग मागे वळली आणि त्या वाटीत तिने काकडीची कोशिंबीर वाढली.

गोड टेबलावर बसलेल्या माणसाला कोशिंबीर म्हणजे एकूण वाटीचाच अपमान होता.

“काऊन वं नम्रता,” इंदुबाई म्हणाल्या. पुण्यात पंचेचाळीस वर्षं काढूनही राग आला की त्या वर्ध्याच्या व्हायच्या. “लेकराचं काय चुकलं? भांडण झालं का तुमचं?”

“नाही हो आत्या. तुमच्या लेकराला विचारा.”

“आत्या, काही नाही. नंतर घेतो,” लेकरू म्हणालं.

“अहो, सांगा,” नम्रता म्हणाली. तिचा आवाज वर गेला नव्हता, पण सोफ्यावरच्या सृष्टीने चमचा खाली ठेवला. आई हा आवाज वर्षातून एखाद्या वेळी काढते आणि तेव्हा तिच्याजवळ दुसरा उपाय उरलेला नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

शुभंकरने पुन्हा पाण्याचा पेला उचलला. मग नम्रतानेच सांगितलं. पातेलं कमरेला टेकवून, उभ्या उभ्या. पोटाचं माप, साखर, चरबी, आणि ते पाचपैकी पाच. शेवटचं वाक्य तिने घाईघाईने उरकलं. “आत्ताच सावरलं नाही तर हार्टला धोका आहे म्हणाल्या.”

पहिला शब्द श्याममामांचा होता. “नाव काय म्हणालीस? मेटाबॉलिक काय?”

“सिंड्रोम, मामा.”

“छान आहे. आमच्या वेळी असली नावं नव्हती. माणूस नुसताच जाडा असायचा.”

“शुगर आमच्यात नाही, बाप्पा,” इंदुबाईंनी जाहीर केलं. “आमच्या सात पिढ्यांत नाही. हे नारायण पेठेतून आलं.”

“बरोबर आहे,” श्याममामा पापड मोडत म्हणाले. “प्रेशर तुमचं, पोट तुमचं, चरबी तुमची. साखर तेवढी आमची, तीसुद्धा अजून दारातच आहे. तरी नाव आमचं. बहुमत तुमच्याकडे आणि खापर आमच्यावर.”

“श्याम,” यमुनाबाई म्हणाल्या.

“मी काय म्हणतोय, ताई? मी फक्त विचारतोय, हा आता बसणार कुठे. तिकडे बासुंदी आहे म्हणून चालत नाही. इकडे लोणचं-पापड आहेत म्हणून चालत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन्ही घराण्यांचं एकमत झालंय, आणि ते काय, तर हा कोणाचाच नाही.”

इंदुबाई हसल्या. नको तिथे हसलो म्हणून त्यांनी लगेच पदर तोंडाशी नेला. अभिनव समोरच्या दोन वाट्यांकडे बघत होता. खाल्ल्या तर पाप आणि टाकल्या तर अपमान, अशी त्याची पंचाईत झाली होती. त्याने सृष्टीकडे पाहिलं, पण सृष्टी आजीकडे बघत होती.

यमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला डाव तसाच होता. “म्हणजे मीठ बंद केलं की झालं, असं नव्हतं?” त्यांनी विचारलं, कोणालाच उद्देशून नाही. “मी म्हटलं, अळणी खातात बिचारे, गोडाने तरी पोट भरू दे. भाजीतसुद्धा गूळ जास्त घालत आले मी. प्रेमाने घालत आले.”

“आजी, तुझी चूक नाही गं,” सृष्टी उठून तिच्याजवळ गेली. “एकाला मीठ वाईट, दुसऱ्याला साखर वाईट, असं कागदावर सोपं वाटतं. शरीर दोन टेबलं मांडत नाही ना. आणि खारं टेबलही तसंच आहे. शुगरवाल्यांनी एवढं लोणचं खाल्लं तर त्यांनाही प्रेशर येणारच.”

“कार्टे, आमच्या टेबलाकडे वळू नकोस,” श्याममामा म्हणाले. पण त्यांनी हातातला पापड ताटात ठेवला.

यमुनाबाईंनी डाव ओट्यावर ठेवला. इतक्या वर्षांत सून आणि मुलगा, सून आणि नवरा, सून आणि नणंद असे कितीतरी सामने या हॉलमध्ये झाले होते आणि प्रत्येक वेळी त्या दुसऱ्या बाजूला होत्या. नम्रताने घर वेगळं केलं, हा काटा त्यांच्या मनातून कधी पुरता निघाला नव्हता. आज त्या सरळ सुनेपाशी गेल्या, तिच्या हातातलं पातेलं घेतलं, आणि टेबलाला वळसा घालून रावसाहेब आणि इंदुबाईंच्या पुढच्या वाट्याही उचलल्या.

“वहिनी, माझी काऊन नेता? मी तर उष्टी केली नं.”

“तुमची तपासणी झाली की परत देईन. यांचीही करायची आहे.” मग त्या अभिनवकडे वळल्या. “तुम्ही खा, अभिनवराव. केळवण आहे. एकच वाटी खा.” त्याची दुसरी वाटी त्यांनी उचलली.

नम्रता रिकामे हात घेऊन उभी राहिली. सासूबाई जाता जाता तिच्या दंडाला हळूच दाबून गेल्या होत्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच घडत होतं. तिने उगाचच पाण्याचा जग भरायला घेतला.

वाटी गेली तेव्हाही रावसाहेबांनी वर पाहिलं नव्हतं. आता ते शुभंकरच्या पानातल्या कोशिंबिरीकडे बघत म्हणाले,

“ऊठ मग. इथे बसून काय करणार?”

त्यांना म्हणायचं होतं की भरल्या टेबलावर उपाशी बसून मन मारू नकोस. पण रावसाहेबांचं मनातलं बोलणं ओठांवर येईपर्यंत त्याचे सगळे कंगोरे बाहेर यायचे. नोकरीत असताना खात्यातही त्यांची तीच ख्याती होती. शुभंकर उठला. ताट घेऊन सोफ्यावर गेला आणि मांडीवर ठेवून बसला. सृष्टी त्याच्या शेजारी येऊन टेकली. बाबा याच सोफ्याच्या याच कोपऱ्यात बसायचा, तेव्हा ती शाळेत होती. त्या वेळी आजोबा आणि बाबा एकमेकांशी का बोलत नाहीत हे विचारायची सोय नव्हती. आज विचारायची गरज नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं.

सगळे जेवत होते. रावसाहेबांनी भाताचा एक घास कालवला, तो तसाच ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“अगं,” ते यमुनाबाईंना म्हणाले, “त्याला विचार, डॉक्टरीणबाई आणखी काय म्हणाल्या.”

“मी कोणाला काही विचारणार नाही,” यमुनाबाई म्हणाल्या. “तो समोर बसलाय. तुम्हाला प्रेशर आहे, वाचा गेलेली नाही.”

श्याममामांनी बहिणीकडे कौतुकाने पाहिलं. नारायण पेठ इतकी वर्षं हडपसरला राहूनही विझली नव्हती.

रावसाहेबांनी घसा खाकरला. “आणखी काय म्हणाल्या?”

“चालायला सांगितलंय,” शुभंकर ताटाकडे बघत म्हणाला. “रोज अर्धा तास तरी.”

“चालतोस?”

“दोनदा गेलो. सोसायटीतल्या सोसायटीत फेऱ्या मारायच्या म्हणजे घाण्याच्या बैलासारखं वाटतं.”

“मग इकडे ये.”

“इकडे?”

“रोज सकाळी. चहा मिळेल. साखर नाही मिळणार.”

“बाबा, केवढं लांब आहे. गाडीनेच येता येता जीव जातो.”

“गाडीला सिग्नल लागतात. मोठ्या रस्त्याला यायचंच नाही.” रावसाहेबांनी पानातल्या अळणी भातावर बोटाने रेघ ओढली. “आपल्या गेटमधून निघालं की डावीकडे. पिठाच्या गिरणीपासून खाली उतरायचं की कालवा लागतो. कालव्याच्या कडेकडेने सरळ. सावली असते. पुढे एक लहान पूल आहे, तो ओलांडला की एक बाक आहे, दम लागला तर बसता येतं. तिथून वर चढलं की तुमच्या सोसायटीची मागची भिंत. भिंत धरून उजवीकडे गेलं की गेट. तुझ्या पायांनी अर्धा तास खूप झाला.”

रस्ता सांगून झाला तरी त्यांचं बोट भातातच होतं.

“आजोबा,” सृष्टी हळूच म्हणाली, “बाबाने तिकडून इकडे यायचंय. तुम्ही इकडून तिकडे जायचा रस्ता सांगताय.”

रावसाहेबांनी बोट उचललं. शुभंकरने ताटातून मान वर केली.

“तुम्ही तिकडे आला होतात?”

“येतो कधीमधी.”

“कधी? घरी?”

“गेटपर्यंत.”

नम्रताच्या हातातला जग टेबलावर टेकला आणि तिथेच राहिला. इंदुबाई भावाकडे बघत होत्या. श्याममामांनी सांडगा तोंडात टाकला.

“आत का नाही आलात, बाबा?” शुभंकरने हातातला घास खाली ठेवला.

“वॉचमन विचारतो, कोणाकडे जायचंय. नाव सांगितलं की तो वर फोन लावतो.” रावसाहेब पानाकडेच बघून बोलत होते. “आणि वरून कोणी म्हणालं, आत्ता नको, तर? त्याच्या देखत परत फिरायचं? त्यापेक्षा आपलं आपण फिरलेलं बरं.”

“बाबा,” नम्रता म्हणाली, “मी पळत आले असते खाली.”

रावसाहेबांनी मान हलवली. ती कळलं म्हणून होती की आता काय बोलून उपयोग म्हणून, हे कोणी विचारलं नाही.

शुभंकर ताट घेऊन उठला. हॉल ओलांडून तो गोड टेबलापाशी आला, शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. टेबलावर आता गोड काहीच नव्हतं, अभिनवची एक वाटी सोडून, आणि तीही त्याने आपल्या ताटामागे लपवली होती. शुभंकरने कोशिंबिरीची वाटी उचलून दोघांच्या पानांच्या मधे ठेवली.

“उद्या येतो मी,” तो म्हणाला. “चालत.”

“ये.” रावसाहेबांनी कोशिंबीर घेतली, चाखली, आणि मीठ नाही म्हणून नेहमीसारखं तोंड केलं. मग ते भात कालवायला लागले. “परत जाताना मी येईन तुझ्याबरोबर. वॉचमनला सांगून ठेव.”